चालण्याचं उद्यापन

टीचरम्मा माणसाच्या चेहऱ्याकडे आधी बघत नसत. आधी पायांकडे बघत. कोण आलं ते चालीवरून ओळखत, आणि समोरच्याने तोंड उघडायच्या आत सांगून टाकत, "डावा पाय फेकतेस. टाच आधी टेकव." मला हे फार सोयीचं होतं. कुणी डोळ्यांत बघून बोललं की मला उत्तर सुचत नाही. टीचरम्मांशी बोलताना आम्ही दोघी माझ्या चपलांकडे बघत असू, आणि बोलणं बरं चाले.

त्या आमच्या घरमालकीण. मोठ्या देवळाचा रथ तंजावुरात ज्या चार रस्त्यांवरून फिरतो, त्यातल्या मेल वीथीत, म्हणजे पश्चिमेकडच्या रस्त्यावर, त्यांचं घर होतं. वर त्या एकट्या, खाली आम्ही तिघं: अप्पा, अम्मा आणि मी. त्यांनी उभा जन्म मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली होती. लग्न केलं नव्हतं. का, ते कुणी विचारत नसे. विचारणारीला स्वतःच्या पाठीच्या कण्याबद्दल काहीतरी ऐकावं लागलं असतं.

त्या आपल्या तंजावुरी मराठीत हुकूम सोडत, तमिळमध्ये रागावत आणि इंग्रजीत मोजत. साडी नेहमी इस्त्रीची, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. दर रविवारी ते धुऊन, खडू लावून गच्चीच्या कठड्यावर वाळत ठेवायच्या. उन्हाळ्यात अम्मा तिथेच तांदळाचे वडाम, म्हणजे पापड्या, वाळत घाली. "वडामांजवळ बूट!" म्हणून ती दर वेळी सुस्कारा सोडी आणि आपलं कापड कोपऱ्यात ओढून नेई. टीचरम्मा म्हणत, "माझे बूट तुझ्या वडामांपेक्षा स्वच्छ आहेत, सरसू." ते खरंच होतं.

फोन आला की त्या चालत बोलत. आम्हाला खाली छतावर पावलं ऐकू येत, आणि पावलांवरून फोन कुणाचा ते अप्पा ओळखत. झपझप म्हणजे तिरुच्चीची भाची. गर्रकन वळणं म्हणजे नगरपालिका. लग्नाच्या पंगतीतून उठल्या की बाकीच्या बायका विडे लावत बसत, आणि या रेशमी साडीत, बूट घालून, मांडवाला फेऱ्या मारत. एकदा वराकडच्या कुणीतरी म्हाताऱ्याने त्यांना अडवून विचारलं, "काही हरवलंय का, अम्मा?"

"हरवलं नाही," त्या न थांबता म्हणाल्या. "तुमच्याकडचा जिलेबीचा आग्रह जिरवतेय."

न थांबणं हा त्यांचा मोठा नियम. बाजाराला निघताना अम्माला हाक मारत, पण अम्मा कुलूप लावेपर्यंत त्या कोपऱ्यावर पोचलेल्या असत. "मी थांबणार नाही. तुम्ही गाठा," हे मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यांची आठवण निघाली की पहिलं तेच वाक्य येतं. अम्माने त्यांना कधी गाठलं नाही. ती मधूनच परत येई, दारात बसून पदराने वारा घेई आणि म्हणे, "ती बाई नव्हे, टाउन बस आहे. तीसुद्धा स्टॉपवर थांबते."

अम्माच्या आईला स्तनाचा कॅन्सर झाला होता. मग मोठ्या मावशीला. दोघी गेल्या. आमच्या घरात त्या रोगाचं नाव घेत नसत, "ते" म्हणत. मावशी आजारी पडली त्या वयाला अम्मा जसजशी पोचत होती, तसतशी ती कमी कमी हलू लागली. डॉक्टरने सांगितलं होतं की दर वर्षी तपासणी करा, वजन उतरवा, रोज चालत जा. अम्मा तिथे मान हलवून आली आणि घरी येऊन खिडकीशी बसली. "आमच्या घराण्यातच आहे ते. यायचं असेल तर येईल. चालून काय चुकवता येतं?"

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे वाचायला वेळ मिळतो. नियमित व्यायामाने काही कॅन्सरचा धोका कमी होऊ शकतो, स्तनाचा त्यातलाच. पाळी गेल्यावर अंगावरची चरबी, तिच्यातून येणारी संप्रेरकं, रक्तातलं इन्सुलिन, अशी कारणं असावीत. खात्री कुणीच देत नाही, पण धोका कमी होतो. हे सगळं मला इंग्रजीत नीट ठाऊक होतं. अम्मासमोर ते कुठल्याच भाषेत तोंडातून निघालं नाही.

टीचरम्मांना मात्र मी जिन्यात सांगितलं. चपलांकडे बघत.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "तुझी अम्मा खुर्चीतून उठते कशी ते रोज बघते मी. हातांवर जोर देऊन. ह्या वयात? माझी अक्का अशीच उठायची." त्यांच्या बहिणीबद्दल मी ऐकलेलं एवढंच. तिला काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मला विचारायची गरज वाटली नाही.

आधी त्यांनी सरळ प्रयत्न केला. खाली येऊन दारात उभ्या राहिल्या. "सरसू, उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर चालायचं. चालणाऱ्या बाईला 'ते' कमी होतं."

"अय्यो, टीचरम्मा! ह्या वयात रस्त्यावर उगीच चालत सुटलं तर लोक विचारतील, घरात भांडण झालं का म्हणून."

"विचारू देत."

"आणि सकाळची काफी? ह्यांचा डबा? मज कुठली सवड?"

टीचरम्मा अम्माच्या पायांकडे बघत जरा उभ्या राहिल्या आणि गेल्या. पुढे त्यांनी मला सांगितलं की त्या वेळी त्यांना आमच्या समोरच्या जानकीअक्का आठवल्या. गुडघे दुखतात म्हणून जानकीअक्का कोपऱ्यावरच्या दुकानातून मीठ आणायला रिक्षा शोधत, पण नवऱ्याची बदली रद्द झाली म्हणून त्यांनी देवळात प्रदक्षिणांचा नवस फेडला होता. "स्वतःसाठी ह्या बायका उंबरा ओलांडणार नाहीत," टीचरम्मा म्हणाल्या. "नवऱ्यासाठी म्हटलं तर रामेश्वरापर्यंत पायी जातील. ठीक आहे. नवरा तर नवरा."

पुढच्या शुक्रवारी जानकीअक्कांकडे हळदीकुंकवाला वीथीतल्या आपल्या पाच-सहा मराठी घरच्या बायका जमल्या होत्या. टीचरम्मा तिथे कधी जात नसत. त्या दिवशी गेल्या, आणि उभ्या उभ्या सांगितलं की रथ ज्या चार वीथ्यांतून फिरतो, त्या वाटेने सूर्योदयाला जी प्रदक्षिणा करील, तिच्या नवऱ्याला उत्तम आरोग्य लाभतं. मंडलभर करायची, म्हणजे दीडेक महिना, एकही दिवस न चुकवता. कुठल्या पुराणात आहे ते कुणी विचारलं नाही. टीचरम्मांनी आयुष्यभर मुलींना रांगेत उभं केलं होतं. त्या आवाजाला कुणी पुराण विचारत नाही.

जानकीअक्कांनी एवढंच विचारलं, "तुम्ही कुणासाठी चालणार? तुम्हाला कुठे नवरा आहे?"

"माझा वाटा तुमच्या यजमानांना."

दुसऱ्या दिवशी झाडून साऱ्या हजर. अम्मासुद्धा. सगळ्या अनवाणी, कारण प्रदक्षिणा. टीचरम्मांनी रांगेवरून नजर फिरवली. "चपला घालून या."

"देवाच्या वाटेवर चपला?" अम्मा म्हणाली.

"देव रथात बसतो. रथाला चाकं आहेत की नाहीत? तो स्वतः जमिनीला पाय लावत नाही आणि तुम्ही काचांवरून जाणार? जा, घालून या."

चपला आल्या. बूट कुणी घातले नाहीत. ते फार झालं असतं.

तो दीड महिना मी अम्माला रोज दारातून जाताना बघितलं. पहिल्या आठवड्यात परत आली की धपकन बसे. मग नुसती बसे. मग बसायच्या आधी फिल्टरमध्ये पाणी ओतू लागली. एकदा ती वडामांचं पीठ घेऊन गच्चीवर गेली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर, जिथे ती नेहमी थांबायची, तिथे थांबली नाही. तिच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या आलं. अप्पांनी तर यात फारच रस घेतला. रोज खुर्चीत बसून विचारत, "आलीस माझ्यासाठी चालून? बरं वाटतंय हो मला. कालपेक्षा बरं."

आणि मंडल संपलं. आमच्या बायका ते विसरतील कशा? व्रत म्हटलं की उद्यापन आलंच. टीचरम्मांना कल्पना न देता सगळ्यांनी बेत ठरवला, आणि सकाळी त्यांच्याच हॉलमध्ये पानं मांडली. नारळ, रवकीचे, म्हणजे चोळीचे, खण, कोशिंबीर, तूप सोडलेल्या पुरणपोळ्या. टीचरम्मांच्या हातावर पहिला नारळ. त्या दिवशी त्या खूश होत्या. पोळी खाऊन हॉलमध्येच फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयाला त्या कोपऱ्यावर गेल्या तेव्हा कुणी नव्हतं. मी खिडकीतून बघत होते. त्या दहा पावलं इकडे, दहा तिकडे करत राहिल्या. मग सरळ जानकीअक्कांच्या दारावर थाप.

"बायका कुठे आहेत?"

"बायका? घरात," जानकीअक्का डोळे चोळत म्हणाल्या. "व्रत पुरं झालं की, टीचरम्मा! यथासांग उद्यापन केलं. आता पुन्हा चाललं तर पहिल्याचं पुण्य जाईल. दोष लागतो."

"चालल्याने दोष?"

"उद्यापनानंतर? लागणारच."

टीचरम्मा परत आल्या आणि मी त्यांना बघत आल्यापासून पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर बसल्या. "मी तुमच्यातलीच आहे ना ग?" त्या मला म्हणाल्या. "मग हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? व्रत सांगितलं की ह्या ते संपवणारच."

पण हार मानणं त्यांच्यात नव्हतं. पुढचं मंडल मुलांसाठी निघालं. त्याचंही उद्यापन झालं. मग नातवंडांसाठी, ज्यांना नव्हती, त्यांना व्हावीत म्हणून. मग कावेरीला वेळेवर पाणी सुटावं म्हणून. एकदा त्यांनी चुकून सासूसाठी म्हणून सांगितलं, तेव्हा दोघीच आल्या. दर उद्यापनाला पुरणपोळ्या होत, आणि टीचरम्मा दात-ओठ खात म्हणत, "महिनाभर उतरवायचं आणि एका सकाळी तुपात बुडवायचं." पण बायका चालत होत्या. दोन वर्षं अशी गेली. वार्षिक तपासणीचं व्रत मात्र त्यांना कुठल्याच देवाच्या नावावर बसवता आलं नाही. त्या स्वतः दर वर्षी जात, शाळेचं इन्स्पेक्शन असल्यासारख्या, नवे मोजे घालून. अम्मा जात नव्हती.

अशाच एका तपासणीत त्यांना निघाला. स्तनाचाच. लहान होता.

त्यांनी ते लपवलं नाही. संध्याकाळी ओट्यावर सगळ्यांना सांगितलं, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे, भाची येणार आहे, पाण्याची मोटर कुणी लावायची ते ठरवून घ्या. आणि वर गेल्या. छतावर पावलं रोजच्यासारखीच वाजत राहिली.

वीथीत दुसऱ्या दिवशी वेगळंच चालू झालं. "एवढं चालून काय मिळालं?" जानकीअक्का आमच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या. "आमच्या सासूबाईंनी कधी दक्षिण वीथी पाहिली नाही. ऊठबस काय ती देवघर ते स्वैपाकघर. नव्वदीत गेल्या, झोपेत." त्या दुष्टपणाने म्हणत नव्हत्या. घाबरल्या होत्या. त्या सकाळी कुणीच चालायला गेलं नाही, त्यानंतरही नाही.

अम्मा पुन्हा खिडकीशी बसली. अप्पांना म्हणताना मी ऐकलं, "त्यांना झालं. त्यांना! माझ्या तर आईला होतं, अक्काला होतं. आता माझं काय राहिलं?" अप्पांनी नेहमीसारखी थट्टा केली नाही. त्यांनी पेपर घडी करून ठेवला आणि तिच्या शेजारी बसले. मी आतल्या खोलीत उभी होते. माझ्याकडे तेव्हाही तीच इंग्रजी वाक्यं होती, आणि धोका कमी होतो म्हणजे काय, हे अम्माला समजेल असं सांगणं मला येत नव्हतं.

ऑपरेशन झालं. टीचरम्मा घरी आल्या. पंधरा दिवस छत गप्प होतं. त्या शांततेत आमचं घर मला परक्याचं वाटे. मग एके सकाळी वर पाऊल वाजलं. एक. मग थांबून दुसरं. अम्मा स्वैपाकघरात चिंच कोळत होती. तिचा हात थांबला. पावलं खोलीच्या टोकापर्यंत गेली, आणि बराच वेळ परत आली नाहीत. अम्माने हात धुतले, रसमभाताचा डबा भरला आणि वर गेली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेले.

टीचरम्मा भिंतीला धरून उभ्या होत्या. एक हात अंगाशी आवळलेला. पायांत बूट. बूट कुणी बांधून दिले असतील, भाचीने बहुतेक.

"चालायला सांगितलंय डॉक्टरने," त्या म्हणाल्या. "पण जिना एकटीने उतरायचा नाही म्हणे. भाची उद्या परत जाणार. तू येशील का, सरसू?"

अम्मा डबा हातात घेऊन तशीच उभी. मग ती म्हणाली, आणि ती कधी कुणाला इतकं सरळ बोलत नाही, "एवढं चाललात, टीचरम्मा. काय झालं त्याचं?"

मला वाटलं, आता तमिळ सुरू होणार. पण त्यांनी मराठीतच विचारलं, "तुझं माहेर तिरुवैयारूकडचं ना? तुझे अण्णा पाणी सुटायच्या आधी कालव्याचे बांध नीट करायचे की नाही?"

"करायचे की. दर वर्षी."

"एखाद्या वर्षी तरीही फुटायचा?"

"फुटायचा. एकदा सगळं शेत गेलं."

"मग पुढच्या वर्षी अण्णांनी काय केलं?"

अम्माने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"मी कमी होतं म्हणाले होते," टीचरम्मा म्हणाल्या. "होतच नाही असं कधी म्हणाले का? एकदा तरी? कमी होतं, एवढंच. माझा बांध फुटला. लहानसा फुटला, लवकर दिसला, कारण मी बघायला जात होते. डॉक्टर म्हणतात अंग तयार आहे, औषध झेलेल." मग जरा थांबून, "आणि तुझ्या नवऱ्याच्या नावाने तुला चालवलं, ते खोटं होतं. पुराणात तसलं काही नाही."

"ठाऊक होतं," अम्मा म्हणाली.

टीचरम्मांनी पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे बघितलं.

"सगळ्यांना ठाऊक होतं. रथाच्या वाटेचं व्रत असतं, तर आम्ही काय लहानपणी ऐकलं नसतं?" अम्माने डबा टेबलावर ठेवला. "पण विचारलं की सांगायला बरं पडायचं. नवऱ्यासाठी चालते म्हटलं की कुणी हसत नाही. आधी भात खा. मग उतरू."

त्या दिवशी त्या दोघी वीथीच्या कोपऱ्यापर्यंत गेल्या आणि परत आल्या. अम्मा पुढे झाली की तिला थांबावं लागे. पुढच्या महिन्यात टीचरम्मांना हॉस्पिटलात दाखवायचं होतं. अम्मा सोबत गेली, मीही गेले. तिथे टीचरम्मा काउंटरवर म्हणाल्या, "माझ्याबरोबर हिचीही तपासणी करायचीय." अम्माने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढं मला जमलं. अम्मा आत गेली तेव्हा टीचरम्मा बाहेरच्या पॅसेजमध्ये एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत होत्या, हळू, एक हात अंगाशी धरून, आणि वळताना दर वेळी त्या बंद दाराकडे बघत होत्या.

अम्माच्या तपासणीत काही निघालं नाही. पुढच्या वर्षी या, असं सांगितलं.

त्याच आठवड्यात अम्मा दक्षिण वीथीतून एक खोकं घेऊन आली. अप्पांनी उघडून बघितलं. कॅनव्हासचे बूट, पांढरे.

"कुणाला?"

"मला."

"माझ्यासाठी चालायला एवढा थाट?"

"तुमच्यासाठी नाही," अम्मा म्हणाली आणि खोकं काढून घेतलं. "मला."

जानकीअक्का ओट्यावरूनच म्हणाल्या, "टीचरम्मा बऱ्या होतायत, देवाची कृपा. आता एक छान उद्यापन करून टाकू या, सरसू." अम्मा म्हणाली, पोळ्या करू, बाकी काही नाही.

आता आम्ही त्या घरात राहत नाही. टीचरम्मा तिरुच्चीला भाचीकडे असतात, त्यांच्या तपासण्या चालू आहेत. पुढे काय, ते त्यांना ठाऊक नाही, आम्हालाही नाही. फोन येतो तेव्हा त्या चालत असतात, ते श्वासावरून कळतं. आमच्या नव्या फ्लॅटच्या छतावर कुणी चालत नाही.

त्या पहिल्या बुटांच्या सकाळचं सांगायचं राहिलं. अम्मा साडीच्या निऱ्या वर धरून ओट्यावरून उतरली. समोरच्या घरातून कुणीतरी बघत होतं. टीचरम्मा रस्त्यात उभ्या होत्या. त्यांनी अम्माच्या पायांकडे बघितलं, बराच वेळ. छान म्हणाल्या नाहीत.

"डावी लेस ढिली आहे," त्या म्हणाल्या.

अम्मा खाली वाकली. तिला लेस बांधायची सवय नव्हती. गाठ दोनदा सुटली. मी दारातून बघत होते, आणि मला वाटलं आता टीचरम्मा नेहमीसारख्या चालू लागतील, आणि कोपऱ्यावरून ओरडतील, गाठा म्हणून.

त्या थांबल्या होत्या.